प्राप्त्याशेचे दिवस

एम. ए.च्या वर्गात नाट्यकार्याच्या पाच अवस्था शिकवण्याची वेळ आली की वर्ग हमखास पेंगू लागतो. आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम ही नावे फळ्यावर लिहायची, शाकुंतलातून एखादे उदाहरण द्यायचे आणि पुढे सरकायचे, असा आमचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. एकदा मात्र शेवटच्या बाकावरून एक विद्यार्थी म्हणाला, "सर, म्हणजे डिसेंबरातलं लिव्हरपूल म्हणजे प्राप्त्याशाच की!" वर्ग हसला, मीही हसलो. या इंग्लिश फुटबॉल क्लबाचे सामने मीदेखील गेली अनेक वर्षे रात्री जागून पाहतो, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तास संपला, पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

विद्यार्थ्याने बहुधा 'आशा' या शब्दावरून नेम धरला असावा. तो त्याच्या कल्पनेपेक्षा अचूक बसला. धनंजयाने 'दशरूपका'त सांगितलेले या तिसऱ्या अवस्थेचे लक्षण नीट पाहिले तर ती नुसती आशा नव्हे हे ध्यानात येते. फळ मिळवण्याचा उपाय हाती आहे आणि त्याच वेळी ते हातचे जाईल अशी अपायाची शंकाही आहे. या दोहोंच्या ओढाताणीत फळाची शक्यता दिसू लागते, ती प्राप्त्याशा. अपाय टळला की नियताप्ती. म्हणजे जेथे भय नाही तेथे प्राप्त्याशाही नाही. ऑगस्टमध्ये हंगाम सुरू होताना प्रत्येक क्लबाच्या पाठीराख्याच्या मनात असते ती केवळ इच्छा. एप्रिल-मेमध्ये उरतो तो गुणांचा हिशेब. खरी प्राप्त्याशा या दोहोंच्या मध्ये, हिवाळ्यात असते.

मला या लेखात मांडायचे आहे ते एवढेच: लीगचे विजेतेपद बहुतेक वेळा या मधल्या अवस्थेत ठरते, आणि तेथे निर्णायक ठरतो तो उत्साह नव्हे, तर काय सोडायचे याचा निर्णय. आपण मात्र, वाचक म्हणून आणि प्रेक्षक म्हणूनही, शेवटाच्या इतके आहारी गेलेलो असतो की हा मध्य आपल्या स्मरणातच राहत नाही.

फुटबॉल न पाहणाऱ्या वाचकांसाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० संघ असतात आणि ऑगस्ट ते मे या काळात प्रत्येक संघ ३८ सामने खेळतो. येथे अंतिम सामना नसतो. विजयाला ३ गुण, बरोबरीला १, आणि शेवटी ज्याचे गुण अधिक तो विजेता. ऑगस्टातल्या कंटाळवाण्या सामन्याचे मोल मे महिन्यातल्या थरारक सामन्याइतकेच. बाद फेरीची स्पर्धा नाट्यासारखी असेल, तर लीग ही कादंबरी आहे, तीही बऱ्यापैकी जाडजूड. त्यातच लीग चषक, एफ. ए. चषक आणि युरोपीय स्पर्धा यांची उपकथानके चालू असतात. ही सारी उपकथानके डिसेंबर-जानेवारीत मुख्य कथानकावर येऊन आदळतात. युरोपातल्या इतर अनेक देशांतल्या लीग नाताळात विश्रांती घेतात. इंग्लंडमध्ये मात्र याच दिवसांत सर्वाधिक गर्दी असते.

ही गर्दी दूरचित्रवाणीने निर्माण केली, असा एक सोयीस्कर समज आहे. तो अर्धाच खरा आहे. दोन क्लबांमधला जगातला पहिला सामना मानला जातो तो शेफील्ड आणि हॅलम यांच्यातला, १८६० सालच्या २६ डिसेंबरचा. १८७१च्या कायद्याने हा दिवस, म्हणजे 'बॉक्सिंग डे', सार्वजनिक सुटीचा झाला. गिरणी-कारखान्यांतल्या कामगाराला मोकळा वेळ मिळायचा तो शनिवारी दुपारी आणि अशा मोजक्या सुट्यांना. तेव्हा खेळ त्याच्या सवडीने मांडला गेला. १९५७ पर्यंत तर खुद्द नाताळच्या दिवशीही लीगचे सामन्यांचे पूर्ण सत्र होत असे. १९६३च्या बॉक्सिंग डेला पहिल्या श्रेणीतल्या १० सामन्यांत मिळून ६६ गोल झाले. त्या दिवशी लिव्हरपूलने स्टोकवर ६-१ अशी मात केली आणि त्या हंगामाचे विजेतेपदही त्यांनीच मिळवले. वेस्ट हॅम संघ मात्र घरच्या मैदानावर ब्लॅकबर्नकडून २-८ असा हरला आणि दोनच दिवसांनी ब्लॅकबर्नच्या मैदानावर जाऊन ३-१ असा जिंकला. दोन दिवसांत इतके पालटू शकणारे जग निर्मळ होते की केवळ दमलेले, हे ज्याने त्याने ठरवावे. हिवाळ्यातले हे दाट वेळापत्रक मुळात श्रमिकांच्या सुटीचे वेळापत्रक होते, ही गोष्ट विसरता कामा नये. विरोधाभास असा की आज त्याच वेळापत्रकात मैदानावरचा श्रमिक, म्हणजे खेळाडू, भरडला जातो.

आता लिव्हरपूलकडे वळू. १९९० साली या क्लबाने आपले अठरावे विजेतेपद मिळवले आणि त्यानंतर तीस वर्षे एकोणिसावे मिळाले नाही. या तपश्चर्येतल्या तीन हंगामांत, २००८, २०१३ आणि २०१८ साली, नाताळच्या दिवशी हा संघ गुणतक्त्यात पहिल्या स्थानावर होता. तिन्ही वेळा तो दुसरा आला. हे तीन हंगाम लोकांच्या स्मरणात कसे राहिले आहेत आणि प्रत्यक्षात काय घडले, हे शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे.

२०१३-१४चा हंगाम म्हटला की आठवते ती कर्णधार स्टीव्हन जेरार्डची घसरण. २७ एप्रिल २०१४ रोजी चेल्सीविरुद्ध मध्यंतराच्या उंबरठ्यावर त्याचा पाय घसरला, समोरच्या आघाडीपटूने चेंडू पळवला आणि गोल केला. शोकांतिकेला लागते ते सारे त्या प्रसंगात आहे: नायक, त्याचे घरचे मैदान, एक क्षण आणि अपरिहार्यता. पण लिव्हरपूलचे विजेतेपद हुकले ते २ गुणांनी. २०१३च्या २६ डिसेंबरला हा संघ मँचेस्टर सिटीकडून आणि २९ डिसेंबरला चेल्सीकडून, दोन्ही वेळा परक्या मैदानावर, १-२ असा हरला होता. दोन्ही सामन्यांत पहिला गोल लिव्हरपूलचाच होता. अवघ्या चार दिवसांत ६ गुण गेले. त्यातले दोन बरोबरीच्या रूपाने जरी वाचले असते तरी मे महिन्यातले चित्र निराळे दिसले असते. तरीही त्या चार दिवसांवर कोणी शोकगीत रचत नाही.

२००८-०९ची गोष्टही तशीच. जानेवारी २००९मध्ये प्रशिक्षक राफाएल बेनिटेझ यांनी एका पत्रकार परिषदेत कागद काढून प्रतिस्पर्धी प्रशिक्षकावर आरोपांची यादी वाचली. तो प्रसंग आजही चवीने सांगितला जातो. पण त्याच महिन्यात स्टोकशी ०-०, एव्हर्टनशी १-१ आणि विगनशी १-१ अशा तीन बरोबऱ्या झाल्या, त्या कोणाला आठवतात? त्या हंगामात लिव्हरपूल केवळ दोन सामने हरले. ११ बरोबऱ्यांनी त्यांचा घात केला. २०१८-१९मध्ये तर ते एकच सामना हरले, तोही हिवाळ्यात, ३ जानेवारी २०१९ रोजी, मँचेस्टर सिटीविरुद्ध. त्या सामन्यात सिटीच्या बचावपटूने गोलरेषेवरून परतवलेला चेंडू पूर्णपणे आत जायला सुमारे ११ मिलिमीटर उरले होते. हंगामाअखेर सिटीचे ९८ आणि लिव्हरपूलचे ९७ गुण झाले.

असे क्षण निवडून त्यांच्यावर साऱ्या हंगामाचा भार टाकणे हेही शेवटाच्या मोहासारखेच आहे, असा आक्षेप येथे कोणी घेईल. तो मला मान्य आहे. म्हणूनच क्षण बाजूला ठेवून एका संपूर्ण महिन्याकडे पाहू. तो महिना म्हणजे डिसेंबर २०१९.

त्या महिन्यात लिव्हरपूलने नऊ सामने खेळले. ४ तारखेला एव्हर्टन, ७ला बोर्नमथ, १०ला ऑस्ट्रियात साल्झबर्ग, १४ला वॉटफर्ड. युरोपविजेता म्हणून क्लबांच्या विश्वचषकासाठी याच महिन्यात कतारलाही जायचे होते. लीग चषकाची उपांत्यपूर्व फेरीही त्याच आठवड्यात येऊन पडली. योग्य तारीख मिळाली नाही तर आम्ही खेळणारच नाही, असे प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांनी आधीच जाहीरपणे सुनावले होते. अखेर तोडगा निघाला तो असा: १७ डिसेंबरला बर्मिंगहॅममध्ये ॲस्टन व्हिलाशी सामना आणि १८ डिसेंबरला दोहा येथे मेक्सिकोच्या माँतेरेय क्लबाशी दुसरा. आपल्या घड्याळाप्रमाणे दोन्ही सामने एकाच तारखेला झाले. पहिला मध्यरात्रीनंतर सव्वा वाजता आणि दुसरा त्याच रात्री अकराला. एकाच क्लबाचे दोन संघ, दोन खंडांवर, चोवीस तासांच्या आत.

बर्मिंगहॅमला गेली ती मुले. संघाचे सरासरी वय विशीच्या आत होते आणि बाकावर मुख्य प्रशिक्षकाऐवजी युवा संघाचे नील क्रिचली होते. मुलांनी जीव ओतून खेळ केला आणि ती ०-५ अशी हरली. दुसऱ्या दिवशी दोह्यात मुख्य संघाची अवस्थाही काही राजेशाही नव्हती. व्हर्जिल व्हॅन डाइक आजारी, म्हणून मध्यरक्षक जॉर्डन हेंडरसनला बचावफळीत उभे केले होते. बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या रॉबेर्तो फर्मिनोने अगदी शेवटी गोल केला आणि सामना २-१ असा हाती आला. २१ तारखेला ब्राझीलच्या फ्लामेंगोविरुद्धचा अंतिम सामना जादा वेळेत गेला. पुन्हा फर्मिनोच धावून आला. पाचच दिवसांनी, २६ डिसेंबरला, हाच संघ गुणतक्त्यात दुसऱ्या असलेल्या लेस्टरच्या मैदानावर उतरला आणि ४-० असा जिंकला. आघाडी १३ गुणांची झाली. प्राप्त्याशेतून नियताप्तीत जाण्याची रेषा कोठे आखायची, असे कोणी विचारले तर मी त्या संध्याकाळीकडे बोट दाखवीन. पुढे महामारीने लीग तीन महिने थांबवली आणि २५ जून २०२० रोजी, लिव्हरपूल मैदानावर नसतानाच, चेल्सीने सिटीला हरवल्यामुळे तो फलागम झाला. गुण ९९. तीस वर्षांच्या कादंबरीचा शेवट इतरांच्या सामन्यात, रिकाम्या मैदानावर! शेवटाच्या भक्तांना याहून मोठी चपराक ती कोणती?

या महिन्याचे मर्म लेस्टरच्या ४-० मध्ये नाही, व्हिलाच्या ०-५ मध्ये आहे, असे मला वाटते. उपाय आणि अपाय यांच्या कात्रीत सापडलेल्या क्लबाने तेथे स्वतःच्या हाताने एक फळ सोडून दिले. हे सोडणे दिसायला सोपे वाटते, पण तसे नाही. प्रेक्षक तिकिटाचे पैसे मोजतो, चषक हा चषकच असतो, आणि आम्ही प्रत्येक सामना जिंकण्यासाठीच खेळतो हे घोषवाक्य प्रत्येक क्लबाच्या ओठांवर असते. 'सगळेच मिळवू' या महत्त्वाकांक्षेला आपण आशा म्हणतो. खरे तर तो आशेचा अभाव असतो. ज्याला फळ खरोखर दिसू लागलेले असते तोच इतर फळांकडे पाठ फिरवू शकतो.

या भूमिकेला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. मोठ्या क्लबाचा त्याग लहान क्लबाच्या ताटातून होतो. जानेवारी २०२०मध्ये तिसऱ्या श्रेणीतल्या श्रूजबरीने एफ. ए. चषकात लिव्हरपूलला २-२ असे रोखले. फेरसामना ठरला तो नेमका लीगने त्या वर्षी प्रथमच दिलेल्या हिवाळी विश्रांतीत. क्लॉप यांनी मुख्य संघाला सुटी दिली, स्वतःही गेले नाहीत, आणि पुन्हा क्रिचली व मुले मैदानात उतरली. त्यांनी १-०ने सामना जिंकलाही. पण श्रूजबरीच्या पाठीराख्यांच्या बाजूने विचार करा. ॲनफिल्डच्या मैदानावर जाण्याचा योग अशा क्लबाच्या वाट्याला कितीदा येतो? फेरसामन्याच्या उत्पन्नावर लहान क्लबांची वर्षभराची बेगमी होत असे. २०२४-२५पासून एफ. ए. चषकाच्या मुख्य फेऱ्यांतले हे फेरसामने बंदच झाले. म्हणजे गर्दी कमी करण्याची वेळ आली तेव्हा कात्री लागली ती गरिबाच्या पानाला. त्याच हंगामापासून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमधले प्राथमिक टप्प्याचे सामने सहाचे आठ झाले आणि ते जानेवारीपर्यंत लांबले. २०२५च्या उन्हाळ्यात अमेरिकेत ३२ संघांचा क्लब विश्वचषकही भरला. एका हाताने काढायचे आणि दोन हातांनी भरायचे, असा हा व्यवहार आहे.

या व्यवहाराची किंमत कोण मोजतो? सप्टेंबर २०२४मध्ये मँचेस्टर सिटीचा मध्यरक्षक रोद्री म्हणाला होता की सामन्यांच्या वाढत्या संख्येमुळे खेळाडू संपाच्या जवळ येऊन ठेपले आहेत. त्याच आठवड्यात, २२ सप्टेंबरला, त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. एका दुखापतीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. पण पुढचा हिवाळा बोलका आहे. सलग चार वेळा विजेता ठरलेला तो संघ ऑक्टोबरअखेर ते बॉक्सिंग डे या काळात, सर्व स्पर्धा मिळून, १३ सामन्यांत एकदाच जिंकला. त्यांची प्राप्त्याशा नाताळपूर्वीच विझली. त्याच हिवाळ्यात लीगमध्ये सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत न हरलेल्या लिव्हरपूलने २७ एप्रिल २०२५ रोजी विसावे विजेतेपद निश्चित केले. तारीख पाहा: जेरार्डच्या घसरणीला त्या दिवशी बरोबर अकरा वर्षे झाली होती. पण पुन्हा सांगतो, ती तारीख हा शेवटाचा अलंकार आहे. काम हिवाळ्यात झाले होते.

हिवाळ्यात काम झाले म्हणजे फळ मिळालेच, असेही नव्हे. २०२०च्या नाताळला लिव्हरपूल पुन्हा पहिले होते. १९ डिसेंबरला त्यांनी क्रिस्टल पॅलेसला ७-०ने धुऊन काढले होते. मग वेस्ट ब्रॉमविचशी बरोबरी, न्यूकॅसलशी बरोबरी, साउदॅम्प्टनकडून पराभव. २१ जानेवारीला बर्न्लीने त्यांची घरच्या मैदानावरची ६८ लीग सामन्यांची अपराजित मालिका संपवली आणि त्यानंतर घरचे आणखी पाच सामने ओळीने गेले. बचावफळीच्या मध्यभागातले तिन्ही प्रमुख खेळाडू जायबंदी होते. त्यागाने अपाय टळतो असे नाही. केवळ त्याला तोंड देण्याइतके बळ शिल्लक राहण्याची शक्यता वाढते. म्हणून तर ती प्राप्त्याशा.

मग माझे मत काय? बॉक्सिंग डेचे सामने बंद करावेत, असे मी म्हणणार नाही. ती दीडशे वर्षांची लोकपरंपरा आहे आणि तिच्या मुळाशी श्रमिकाचा आनंद आहे. कमी करायचेच असेल तर जे अलीकडे, केवळ प्रक्षेपणाच्या पैशासाठी, वरून लादले गेले ते कमी करावे; लहान क्लबाच्या घासाला हात लावू नये. आणि क्लबांनीही सर्व चषकांच्या मागे एकाच वेळी धावण्याचे सोंग सोडून, आपण कशासाठी जगतो आहोत हे उघडपणे सांगावे. मुलांना पुढे करायचे असेल तर ती मुले म्हणजे बळीचे बकरे ठरू नयेत; तो त्यांचा आरंभ असावा. व्हिलाविरुद्ध पाच गोल स्वीकारलेल्या त्या मुलांपैकी हार्वी एलियट पुढे मुख्य संघात आला. म्हणजे कोणाचा तरी त्याग हा दुसऱ्या कोणाच्या कथानकाचा आरंभ असू शकतो.

साहित्याच्या अध्यापकाने हे सारे का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडला असेल. आम्हीही शेवटाचेच भक्त आहोत, म्हणून. कादंबरीवर प्रश्न काढताना आम्ही शेवटाची अर्थपूर्णता विचारतो. मधली दोनशे पाने विद्यार्थी गाइडमधून वाचतात आणि आम्ही ते चालवून घेतो. जेथे पात्रे दमतात, काही सोडून देतात, उद्याच्या भरवशावर आजचा पराभव पत्करतात, त्या पानांवर कृती घडत असते. मी यंदा प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न घातला आहे: 'प्राप्त्याशा ही अवस्था नाटकाच्या मध्यभागीच का येते, ते तुमच्या आवडीच्या कोणत्याही उदाहरणाने स्पष्ट करा.'

शेवटच्या बाकावरचा तो विद्यार्थी काय लिहील, हे मला ठाऊक आहे. पूर्ण गुण द्यायचे मी ठरवले आहे. फक्त त्याने जेरार्डची घसरण न सांगता चार दिवसांतले ते सहा गुण सांगितले पाहिजेत.